मिशनच्या कार्यालयातलं पहिलं वर्ष

मिशनचं काम म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो पाड्यापाड्यांवर पायी फिरून ख्रिस्ताचा संदेश सांगणारा सुवार्तिक, नाहीतर दवाखान्यातली नर्सताई. त्यांचं मानधन वेळेवर कसं पोचतं, त्यांच्या मुलांचे शाळेचे दाखले कोण मिळवून देतं, देणगीदाराला पावती कोण पाठवतं, याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. जून २०२३ ते मे २०२४ हे वर्ष मी या मागच्या बाजूला काढलं, पुण्यातल्या एका लहानशा मिशन संस्थेच्या कार्यालयात. आमचे सेवक नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याकडे आणि मेळघाटात आहेत. त्यांच्या काळजीपोटी संस्थेचं नाव इथे देत नाही. अर्ज भरण्याआधी मी मराठीत असं काही लिहिलेलं शोधत होते, सापडलं नाही. म्हणून जमेल तेवढं तपशिलात लिहिते.

अर्ज जानेवारी २०२३ मध्ये केला. माझं शिक्षण बी.कॉम., आधी नगरला एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करत होते. अर्जासोबत बाप्तिस्मा आणि दृढीकरणाचे दाखले, पाळकसाहेबांचं शिफारसपत्र, मंडळीबाहेरच्या (म्हणजे आमच्या चर्चबाहेरच्या) एका माणसाचं पत्र, वैद्यकीय तपासणीचा अहवाल आणि पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला मागितला होता. तपासणीला अठराशे रुपये लागले, पोलीस दाखल्याला सव्वाशेच्या आत. हा दाखला सगळ्यात आधी टाका. अर्ज ऑनलाइन होतो, पण नंतर ठाण्यात बोलावणं येईपर्यंत थांबावं लागतं, तोवर बाकीचे कागद गोळा होतात. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर माझं आजीने ठेवलेलं नाव आहे आणि आधारवर शाळेतलं. आपल्या बऱ्याच घरांत असं असतं. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घेतलं, ते पुढे बँकेतही कामाला आलं.

मुलाखत मार्चमध्ये झाली. मी पवित्र शास्त्रातले उतारे पुन्हा वाचून गेले होते. साक्ष, म्हणजे विश्वासात कशी आले ते विचारलं, ती दिली. पण सगळ्यात जास्त वेळ गेला तो एका साध्या प्रश्नावर. वयस्कर विश्वस्त म्हणाले, "बाई, खात्यात पाचशे रुपये आले आणि पाठवणाऱ्याचं नाव कळत नाही. काय कराल?" पतसंस्थेच्या सवयीने मी म्हटलं, अनामत खात्यात, म्हणजे कोणाचे ते न कळलेल्या रकमांच्या खात्यात टाकीन. ते म्हणाले, "ते तर कराच. आणि मग शोधाल का?" तो प्रश्न किती खरा होता, ते जुलैमध्ये कळलं.

होकाराचं पत्र एप्रिलच्या शेवटी आलं. मधले आठवडे जड गेले, कारण पतसंस्थेत राजीनामा देऊ की नको हे ठरत नव्हतं. लेखी पत्र हातात येईपर्यंत दिला नाही, आणि तुम्हीही देऊ नका. देवावर विश्वास असणं आणि सूचना-कालावधी पाळणं यांत मला तरी काही विरोध दिसत नाही.

मानधन महिन्याला १६,००० रुपये ठरलं, त्यातले ६,००० मी स्वतः पाठबळ म्हणून उभे करायचे होते. अशा संस्थांत ही पद्धत सर्रास असते. ओळखीच्या घरी जाऊन "मला महिन्याला काही द्याल का" असं विचारायचं या कल्पनेनेच माझी झोप उडाली होती. आत्या म्हणाली, "तू काय स्वतःच्या साडीसाठी मागतेस? मग मान खाली घालून का बोलतेस?" तिने स्वतःचे पाचशे पहिल्यांदा लिहिले. महिला मंडळाने हजार ठरवले, तरुण संघाने सातशे. काहींनी सरळ नाही म्हटलं. तेही बरं वाटलं, कारण अर्धवट हो म्हणणाऱ्यांच्या घरी परत जाणं फार अवघड असतं. विचारताना रक्कम आणि तारीख दोन्ही विचारा. पैसे संस्थेच्या खात्यात जाऊ द्या, तुमच्या फोनवर घेऊ नका. आणि मानधन हे तुमचं उत्पन्नच धरलं जातं हे लक्षात ठेवून स्वतःचं आयकर विवरणपत्र भरत जा.

गुरुवार, १ जून २०२३ ला रुजू झाले. कार्यालय म्हणजे जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या, मागे क्षेत्रावरून (सेवक काम करतात त्या भागांतून) येणाऱ्यांसाठी चार खाटांची पाहुणेखोली. आम्ही तिघं. कार्यालय सांभाळणाऱ्या मोठ्या ताई, हिशेब बघणारे आण्णा आणि मी. साडेनऊला प्रार्थना. दर दिवसाला एक भाग ठरलेला: सोमवारी धडगाव, मंगळवारी अक्कलकुवा, बुधवारी मेळघाट, गुरुवारी सेवकांची मुलं, शुक्रवारी देणगीदार. यादीतलं प्रत्येक नाव मोठ्याने वाचायचं. त्यानंतर टपाल, बँकेचं विवरण, पावत्या. दुपारी डबा. तीननंतर फोन, कारण डोंगरावरचे लोक त्या सुमाराला रेंज मिळते तिथे येऊन उभे राहतात. त्यांचा फोन आला की हातातलं काम ठेवायचं, हा ताईंचा नियम. मिस्ड कॉल दिसला आणि आपण अर्ध्या तासाने फोन केला तर माणूस पुन्हा डोंगर चढून गेलेला असतो.

पहिलं मोठं काम वाट बघतच होतं. पॅन आणि आधार जोडण्याची मुदत ३० जून २०२३ ला संपत होती, उशिराचं शुल्क प्रत्येकी १,००० रुपये. राहिलं तर पॅन निष्क्रिय होणार होतं. क्षेत्रावरच्या अर्ध्याअधिक लोकांचं राहिलेलं. शुल्क संस्थेने भरलं, पण ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर येतो आणि तो मोबाईल एकाचा हरवलेला, एकाचा भावाकडे. पावसाळा तोंडावर. फोन लावायचा, ते रेंजमध्ये येऊन उभे राहायचे, मी इथून ओटीपी मागवायचे, त्यांनी तो वाचेपर्यंत वेळ संपायची. एका सेवकाच्या आधारवर जन्मसाल वेगळं होतं, ते दुरुस्त करायला त्याला तालुक्याच्या आधार केंद्रावर जावं लागलं. शेवटचं पॅन मुदतीच्या आदल्या संध्याकाळी जोडलं गेलं तेव्हा ताईंनी सगळ्यांसाठी चहा टाकला. आता नवीन सेवक आला की पहिल्याच दिवशी त्याचे आधार, पॅन आणि बँक पासबुक शेजारी ठेवून नावाचं एकेक अक्षर जुळवून बघतो.

त्याच महिन्यांत मंडळ्यांच्या दानथैल्यांमधून दोन हजारांच्या नोटा येऊ लागल्या. १९ मे ला रिझर्व्ह बँकेने त्या मागे घेण्याचं जाहीर केलं होतं, मुदत आधी ३० सप्टेंबर, मग ७ ऑक्टोबर. लोक घरातल्या नोटा दानात देत होते. आण्णांनी मला रोख मोजायची त्यांची पद्धत शिकवली: दोन माणसांनी मोजायचं, दोघांनी सही करायची, त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी भरणा. एकट्याने रोख कधीही मोजायची नाही. संशय कोणावर येऊ नये यासाठी ही रीत असते, आणि ती घालून दिलेली असली की नव्या माणसाला फार आधार वाटतो.

आता त्या पाचशे रुपयांबद्दल. यूपीआयमुळे देणं सोपं झालं आणि ओळखणं अवघड. विवरणात येतो एक लांबलचक क्रमांक आणि अर्धवट तुटलेलं नाव. नाव मुलाचं असतं, देणारी आई असते. मंडळीच्या वहीत एक आडनाव, बँकेत दुसरं. जुलैच्या मध्यापर्यंत माझ्या अनामत यादीत बरीच पानं भरली. आण्णा म्हणाले, "रकमेकडे बघू नका, तारखेकडे बघा." दर महिन्याच्या सात तारखेला येणारे ३५१ रुपये कोणाचे, हे असं उलगडलं: सोलापूरकडच्या एका निवृत्त शिक्षिकेचं निवृत्तिवेतन जमा झालं की तिचा नातू ते पाठवायचा. कित्येक महिने तिला पावती मिळाली नव्हती, आणि तिने कधी विचारलंही नव्हतं. मी फोन केला तेव्हा म्हणाली, "पोचतात ना? मग झालं." तिचं नाव शुक्रवारच्या यादीत चढलं. तेव्हापासून सकाळची यादी वाचताना मला दुपारच्या नोंदी दिसतात आणि नोंद जुळवताना सकाळची नावं. या वर्षात मला सगळ्यात प्रिय झालेलं काम हेच. मिझोराममध्ये ख्रिस्ती बायका रोज रांधताना मूठभर तांदूळ वेगळा काढतात आणि तो विकून मिशनचं काम चालतं, ही रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. आपल्याकडचे ३५१ रुपये मला त्याच जातीचे वाटतात.

देणगीदारांचा नेहमीचा प्रश्न असायचा, "८०जी मिळेल का?" म्हणजे तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ८०जीखाली देणगीवर करात वजावट मिळेल का. इथे नवीन माणूस हमखास गोंधळतो, म्हणून थोडं सविस्तर. विशिष्ट धर्मसमाजासाठी असलेल्या संस्थेला ८०जी मान्यता मिळत नाही, आणि मान्यता असलेल्या संस्थेलाही धार्मिक कामावर उत्पन्नाच्या ५ टक्क्यांहून जास्त खर्च करता येत नाही. म्हणून आमच्याकडे दोन वेगळे ट्रस्ट आहेत. सुवार्तेचं काम बघणाऱ्या ट्रस्टला ८०जी नाही. वसतिगृह आणि दवाखाना चालवणाऱ्याला आहे, तिथे कोणत्याही धर्माचं मूल राहतं, कोणत्याही धर्माचा रुग्ण येतो. पावतीपुस्तकं वेगळी, खाती वेगळी, एकाचे पैसे दुसऱ्याकडे वळवायचे नाहीत. ८०जीसाठी रोख देणगी २,००० रुपयांपर्यंतच चालते, आणि नव्या करप्रणालीत देणगीदाराला ही वजावट मिळतच नाही. हे देणगी घेण्याआधी सांगावं. मी एका काकांना हे सांगितलं तेव्हा ते थोडे नाराज झाले, मग दोन दिवसांनी त्यांनी तेवढीच रक्कम सुवार्तेच्या खात्यात पाठवली.

परदेशातून येणाऱ्या पैशांचा नियम त्याहून कडक. आमची एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी नाही, त्यामुळे परदेशी नागरिकाकडून एक रुपयाही घेता येत नाही. मात्र भारतीय पासपोर्ट असलेला माणूस दुबईत किंवा मस्कतला नोकरी करत असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ते परदेशी योगदान ठरत नाही. म्हणून आखातातून फोन आला की आधी पासपोर्टची प्रत मागायची. सुरुवातीला मला हे फार उद्धट वाटायचं. मुद्दा नीट समजावला की कोणी रागावत नाही, हा माझा अनुभव. ज्यांच्याकडे ओसीआय कार्ड आहे, म्हणजे मूळचे भारतीय पण आता परदेशी नागरिक, त्यांना नम्रपणे नाही म्हणावं लागतं. माझ्या लहानपणीच्या मैत्रिणीला नाही म्हणताना वाईट वाटलं, पण म्हटलं.

सप्टेंबर जवळ आला की लेखापरीक्षण. त्या वर्षी ट्रस्टच्या लेखापरीक्षणाचे नमुने बदलले होते आणि सगळेच चाचपडत होते. सप्टेंबरच्या मध्यानंतर बातमी आली की अहवालाची मुदत ३१ ऑक्टोबरपर्यंत आणि विवरणपत्राची ३० नोव्हेंबरपर्यंत वाढली. आण्णांनी तरीही आमचं काम ठरल्या वेळेतच पुरं करून घेतलं. लेखापरीक्षकांच्या शंका बहुतेक क्षेत्रावरच्या बिलांबद्दल होत्या. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च धरला जात नाही, पण पावसात बंद पडलेली जीप दुरुस्त करणाऱ्याकडे मशीन नसतं की क्यूआर नसतो. अशा वेळी सेवकाने आधी फोन करावा आणि पैसे थेट गॅरेजवाल्याच्या खात्यात टाकावेत, असं आम्ही ठरवून घेतलं. कच्च्या बिलावर तारीख, गावाचं नाव आणि घेणाऱ्याची सही एवढं जरी असलं तरी पुढचं सोपं होतं. एसटीच्या तिकिटांची शाई उडते, ती आली त्या दिवशीच फोटो काढून ठेवायची.

ऑक्टोबरात वार्षिक सभा झाली, एक विश्वस्त वयोमानामुळे निवृत्त झाले आणि नवे निवडले गेले. याचा बदल अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात ९० दिवसांच्या आत द्यावा लागतो. सभेची सूचना, ती सगळ्यांना मिळाल्याचा पुरावा, इतिवृत्ताची प्रत, नव्या विश्वस्तांचं संमतीपत्र, प्रतिज्ञापत्र. आम्ही मुदतीत दिला, आदेश मात्र हे लिहीपर्यंत आलेला नाही. सूचनेची पोच जपून ठेवा, एवढंच सांगते. बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

नोव्हेंबरमधली एक रात्र मात्र विसरणार नाही. धडगावकडच्या एका सेवकाच्या पत्नीला अचानक पोटदुखी सुरू झाली, जीपने खाली आणेपर्यंत मध्यरात्र उलटली. रुग्णालय विमा कंपनीच्या यादीत नव्हतं, त्यामुळे कॅशलेस नाही. ॲपेंडिक्सची शस्त्रक्रिया लगेच करावी लागणार होती आणि आगाऊ २५,००० रुपये मागितले होते. ताईंनी पहाटे तीनला विश्वस्तांना उठवलं, दोघांच्या मंजुरीने पैसे गेले. मी फोनवर होते. तो दादा रडत होता आणि मी त्याला म्हणत होते, "दादा, विम्याच्या कंपनीला कळवायचं मी बघते, तुम्ही वहिनींजवळ बसा." मनात भीती होती ती वेगळीच, कारण कागद चुकला तर हे पैसे परत येणार नाहीत आणि पुढच्या आजारपणाला संस्थेकडे काही उरणार नाही. दाखल झाल्याची सूचना सकाळीच ईमेलने दिली. घरी सोडताना डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं, पैसे भरल्याच्या पावत्या, तपासण्यांचे अहवाल, औषधाच्या प्रत्येक बिलाला जोडून डॉक्टरांची चिठ्ठी, आणि दाव्याच्या अर्जाचा दुसरा भाग रुग्णालयाने भरून, शिक्का मारून दिलेला, हे सगळं दादाने मी सांगितलं तसं गोळा केलं. रुग्णालय सोडण्याआधीच ते घ्यायचं. नंतर त्या शिक्क्यासाठी पुन्हा सत्तर-ऐंशी किलोमीटर यावं लागतं. पैसे जानेवारीच्या अखेरीस आले, थोडी कपात होऊन. वहिनी आता ठणठणीत आहेत. फेब्रुवारीत पाहुणेखोलीत राहायला आल्या तेव्हा माझ्यासाठी आमचूर घेऊन आल्या.

नाताळात प्रार्थनापत्रिका निघते. मजकूर क्षेत्रावरून येतो, कधी फोनवर सांगून. गावाचं नाव, मुलांचे चेहरे, बाप्तिस्म्याचे फोटो आम्ही छापत नाही, आणि ज्याची गोष्ट त्याची परवानगी घेतल्याशिवाय ओळही लिहीत नाही. देणगीदारांना फोटो हवे असतात, ते समजतं. पण पत्रिका कोणाच्या हातात जाईल ते आपल्या हातात नसतं.

मार्च २०२४ चा शेवटचा आठवडा. २४ ला झावळ्यांचा रविवार, २५ ला धुळवड, २९ ला उत्तम शुक्रवार आणि ३१ ला ईस्टर, म्हणजे आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवसही तोच. रोख भरायला शेवटचा दिवस ३० चा शनिवार. तो पाचवा शनिवार होता म्हणून बँक उघडी होती, नाहीतर उपवासकाळातलं सगळं दान पुढच्या वर्षात गेलं असतं. ईस्टरला पहाटेची उपासना करून मी मंडळीतच बसून फोनवर जमा रकमा बघत होते, तर पाळकसाहेबांनी फोन बाजूला ठेवायला लावला. बरोबरच होतं. १ एप्रिलला बँका वार्षिक हिशेबासाठी बंद, २ ला विवरण हातात आलं, आणि रविवारी रात्री उशिरापर्यंत आलेल्या देणग्या त्यात होत्या.

एप्रिल-मे सगळा वसतिगृहाच्या ट्रस्टच्या १०बीडीवर, म्हणजे देणग्यांच्या विवरणपत्रावर गेला. प्रत्येक देणगीदाराचं नाव, पत्ता, ओळख क्रमांक, रक्कम आणि देण्याचा प्रकार ३१ मे पर्यंत आयकर खात्याच्या पोर्टलवर भरायचा, आणि त्याच तारखेपर्यंत प्रत्येकाला १०बीई प्रमाणपत्र द्यायचं. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. पॅन नसेल तर आधार, मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड असेही पर्याय आहेत, म्हणून "माझ्याकडे पॅन नाही गं" म्हणणाऱ्या आजींना परत पाठवू नका. वर्षभर पावती करतानाच ओळख क्रमांक मागत गेलात तर मे महिना सुसह्य होतो. आम्ही २४ मे ला यादी चढवली आणि पुढच्या आठवड्यात प्रमाणपत्रं पाठवली. व्हॉट्सॲप वापरतात त्यांना तिथे, बाकीच्यांना छापून टपालाने.

अनामत यादीत काही नोंदी अजूनही आहेत. मंडळ्यांच्या वह्या मागवल्या आहेत, जूनमध्ये सोलापूर आणि जालन्याकडच्या दोन पाळकांना भेटून उरलेल्या जुळवायच्या आहेत. मी दुसऱ्या वर्षासाठी होकार दिला. पाठबळ पुन्हा नव्याने विचारावं लागतं, आत्याने तिचे सहाशे केले आहेत. तुम्ही अशा कुठल्या कार्यालयात अर्ज करणार असाल तर मुलाखतीत तुम्हीही विचारा: विमा कोणाकोणाला लागू होतो, पाठबळ कमी पडलं तर मानधनाचं काय होतं, आणि रोख कोण मोजतं.